फोटोत न येणारा कठडा

बदलीचा हुकूम आला तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. "नशीबवान आहात! लोक त्या शहरात चार दिवस जायला वर्षभर रजा साठवतात, आणि तुम्हाला कंपनी पगार देऊन तिथे ठेवतेय!" त्यातल्या एकालाही मी विचारलं नाही की, बाबा रे, मग तू का जात नाहीस? विचारायला हवं होतं. आता तेच सगळे आलटून पालटून फोन करतात, 'आमची राहायची सोय होईल ना' म्हणून लाडात विचारतात, आणि मी फोन बायकोच्या हातात देतो.

माझं स्पष्ट मत झालं आहे आणि ते मी कुणालाही ऐकवायला तयार आहे. जे शहर बघायला जग लोटतं, त्या शहरात राहायला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाच्या हॉलमध्ये संसार थाटणं. सगळीकडे रोषणाई, सगळीकडे हसरे चेहरे, आणि आपली बादली कुठे ठेवायची हे कुणालाच सांगता येत नाही. आमच्या गल्लीत दुकानं काय कमी आहेत? फ्रिजच्या दाराला चिकटवायची चित्रं घ्या, टोप्या घ्या, शिंपल्यांच्या माळा घ्या. साबणसुद्धा मिळतो, पण फुलाच्या आकाराचा आणि रिबीन बांधलेला. कपडे धुवायचा साबण मागितला की दुकानदार 'हा माणूस कुठून आला' अशा नजरेने बघतो. कुकरची रिंग गेली तर शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं, आणि तिकडे जाणारी एकुलती एक बस सगळी प्रेक्षणीय स्थळं दाखवत जाते. एका रिंगेपायी मी इथलं दीपगृह इतक्या वेळा बघितलं आहे, तेही उभ्याने आणि दुसऱ्याच्या काखेखालून, की आता ते दिसलं की मला भात आठवतो.

घर दाखवताना एजंट म्हणाला होता, "साहेब, इथे देखावा आहे." देखावा म्हणजे आमचंच घर, हे त्याने सांगितलं नाही. चढाची अरुंद गल्ली, तीन दगडी पायऱ्या, निळं दार आणि दारावर झुकलेली गुलाबी फुलांची वेल. आम्ही सामान घेऊन आलो तेव्हा त्या पायऱ्यांवर एक जोडपं बसलं होतं. ते उठून जाईपर्यंत आम्ही कपाट गल्लीत धरून उभे राहिलो. पाहुणे असतील कुणाचे, असं मला वाटलं. ते गेले आणि दुसरं जोडपं येऊन बसलं.

तेव्हापासून हा प्रकार अखंड चालू आहे. सकाळी ऑफिसला निघताना मला माझ्याच दारात 'जरा सरकता का' म्हणावं लागतं. एकदा दार नुसतं लोटलेलं होतं, तर दोन बायका थेट हॉलमध्ये आल्या, सगळं निरखून बघितलं आणि 'फार काही ठेवलेलं नाही' म्हणत निघून गेल्या. एका तरुणाने तर बेल वाजवून बायकोला विनंती केली की, दोरीवरचे कपडे काढाल का, फोटोत येतायत.

"आजवर तुमचे बनियन कुणाकुणाच्या घरी जाऊन पोचले असतील कोण जाणे," त्या दिवशी बायको म्हणाली. "आता मागच्या बाजूला वाळत घालते."

आणि रोज संध्याकाळी ती पिवळी छत्री. हातात पिवळी छत्री उंच धरून एक गाईडबाई माणसांचा घोळका घेऊन येते आणि बरोबर आमच्या दारासमोर थांबते. ऊन नसो, पाऊस नसो, छत्री उघडीच. या घरात एकेकाळी शहराचा घड्याळजी राहायचा, असं ती सगळ्यांना सांगते. मी एकदा मुद्दाम बाहेर येऊन खुलासा केला, की आमच्या आधी इथे दातांचे डॉक्टर राहत होते.

"दातांच्या डॉक्टरसाठी कोण थांबेल हो?" ती म्हणाली आणि घोळका पुढे घेऊन गेली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण प्रकरण आईवर आलं.

आईला संध्याकाळी चालायला जायची सवय. जुन्या घरी असताना तिची ही वेळ कधी चुकली नाही. रस्त्याने रमतगमत जायचं, वाटेत चार जणींशी बोलायचं, बाकावर बसायचं, अंधार पडायच्या आत परत. इथे आल्यावरही तिने तो क्रम सुरू ठेवला होता. एका संध्याकाळी ती कापडी पिशवी घेऊन दारात आली, तर मधल्या पायरीवर एक मुलगी उन्हाकडे तोंड करून डोळे मिटून बसलेली, आणि तिचा जोडीदार फोटोसाठी गल्लीत सपशेल आडवा झालेला. आईने आयुष्यात कुणाला 'ऊठ' म्हटलेलं नाही. ती बिचारी कडेकडेने उतरायला गेली आणि पाय घसरून पडली.

हाड मोडलं नाही. पण धीर मोडला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "चालणं थांबवू नका, एकदा थांबलात की गुडघे धरून बसाल." आई 'हो हो' म्हणाली. रोज संध्याकाळी साडी बदलून दारापर्यंत यायची, तीन पायऱ्यांकडे बघायची, आणि परत जाऊन खिडकीशी बसायची.

"धरायला काही असतं ना, तर उतरले असते रे," ती म्हणायची.

हे सगळं दादाच्या कानावर गेलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी काहीही केलं तरी ते कसं करायला नको होतं हे सांगण्याचं काम त्याच्याकडे लहानपणापासून आहे. "एवढ्या लांब नेलंस आणि खिडकीत बसवलंस तिला," तो फोनवर म्हणाला. "महिनाअखेर येतो आणि घेऊन जातो. इकडे घरासमोर बाग आहे." आईला विचारलं तर ती म्हणाली, "बघू. जाईन म्हणते. तुमचीही धावपळ वाचेल." ते मला फार लागलं. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे आहे. ऑफिसातून आल्यावर खिडकीत ती दिसली नाही तर मला घरात आल्यासारखं वाटत नाही. माझी धावपळ वाचवायला तिने जायचं? मी चिडलो, आणि चिडलो की मी कामाला लागतो.

काम किती साधं! एक पाइप, दोन पाय, पायऱ्यांच्या कडेने बसवायचा कठडा. अर्ध्या दिवसाचं काम. मी स्वतः विमा कंपनीत दावे तपासतो, त्यामुळे कुठलं काम साधं आणि कुठलं अवघड हे मला कळतं, अशी माझी तोवर समजूत होती.

समोरच्या काकांना विचारलं. काका जन्मापासून याच गल्लीतले. त्यांनी घरातली एकूण एक खोली पर्यटकांना दिली आहे आणि स्वतः काकूंसह मागच्या अडगळीच्या खोलीत राहतात. स्वतःच्याच घरात चोरासारखे पाय न वाजवता वावरतात.

"कठडा कशाला?" काका हळू आवाजात म्हणाले. "त्यापेक्षा घर भाड्याने द्या."

"आणि आम्ही कुठे जाऊ?"

"लोक जातात कुठेतरी," काका म्हणाले. त्यांना या प्रश्नात काही अवघड दिसलं नाही. मग आणखी जवळ येऊन म्हणाले, "बसवायचाच असेल तर कुणाला विचारू नका. विचारलं की अडकलात."

मी तो सल्ला मानला. वेल्डर बोलावला. हा माणूस आजवर फक्त शाळांची फाटकं करत आला होता, हे मला नंतर कळलं. माप घे म्हटलं तर "डोळ्यात बसलंय साहेब" म्हणाला. मी पाइप म्हणालो होतो. त्याने जे आणलं त्याला धरून हत्ती उतरला असता. शिवाय बसवला तो चुकीच्या बाजूला. आईचा उजवा हात चांगला आणि कठडा डाव्या हाताला. मी हे दाखवल्यावर तो शांतपणे म्हणाला, "चढताना उजव्या हाताला येतो की." दिवसभर भांडून बाजू बदलून घेतली. हिरवा रंग दिला. आई दारात आली, कठड्याकडे कौतुकाने बघितलं आणि म्हणाली, "रंग ओला आहे. उद्या उतरते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात एक गृहस्थ उभे. हातात चित्राचं पोस्टकार्ड. माझ्याकडे न बघता त्यांनी हात लांब करून ते कार्ड डोळ्यांसमोर धरलं, एक डोळा मिटला, आणि एकदा कार्डाकडे, एकदा आमच्या दाराकडे असं बघत राहिले.

"यात कठडा नाही," ते म्हणाले.

"हो, तो कालच बसवला."

"तेच म्हणतोय. यात नाही."

"यात माझी आईही नाही!" मी म्हणालो.

"आईंबद्दल तक्रार आलेली नाही."

गृहस्थ नगर सौंदर्य कार्यालयाचे होते. तक्रार कुणी केली होती ऐका. कोणी एक जोडपं लग्नानंतर इथे येऊन आमच्या पायऱ्यांवर फोटो काढून गेलं होतं. आता केस पिकल्यावर तोच फोटो पुन्हा काढायला आलं, तर मध्ये कठडा. त्यांचा म्हणे फार हिरमोड झाला.

"आणि माझी आई इथे पडली, तिचा हिरमोड?"

"पडण्याचं आरोग्य खात्याकडे. आमचं दिसण्याचं खातं आहे." त्यांनी कार्ड खिशात ठेवलं. "काढून टाका. नाहीतर आम्ही काढू, आणि आमची माणसं पायरीसकट काढतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दिवशी अर्धी रजा टाकून मी त्यांचं कार्यालय गाठलं. तिथे दोन दालनं. एकावर 'रहिवासी' अशी पाटी, आणि तिथली खिडकी बंद. आत कोणी नाही, खुर्चीवर नुसता स्वेटर. दुसऱ्यावर 'पर्यटक', आणि तिथे गालिचा, सोफे, फुलदाणी. मी कुणी भेटतं का बघायला त्या दालनात डोकावलो मात्र, एक हसरी मुलगी धावत आली, मला सोफ्यावर बसवलं, थंड पाण्याचा ग्लास हातात दिला आणि विचारलं, "आमचं शहर कसं वाटलं?" इतकं सौजन्य मला या गावात पहिल्यांदाच भेटत होतं, त्यामुळे मी दोन घोट पाणी पिऊन मगच खरं सांगितलं, की मी इथेच राहतो. तिचं हसू मावळलं. ग्लास तिने परत मागितला नाही, पण त्याच्याकडे बघितलं.

"रहिवाशांची खिडकी पलीकडे," ती म्हणाली.

"तिथे स्वेटर आहे."

"मग येतीलच ते."

ते आले नाहीत. मी दोन वेळा आणखी गेलो. तिसऱ्या खेपेला स्वेटरचा मालक सापडला, आणि तो निघाला आमचाच पोस्टकार्डवाला. थंडी नसताना तो स्वेटर तिथे का, हे विचारायचं मी विसरलो नव्हतो, पण काम अडलेलं होतं. मी आईच्या गुडघ्यांचं, दादाच्या बागेचं, सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सुस्कारा टाकला.

"कायमचं काही बसवता येणार नाही. तात्पुरतं असेल, म्हणजे लावलं, काढलं, आत नेलं, तर ते सामान. सामानाला आमची हरकत नाही."

"म्हणजे रोज कठडा लावायचा आणि रोज काढायचा?"

"आई रोज किती वेळा उतरतात?"

"एकदा."

"मग एकदाच," तो समजुतीच्या सुरात म्हणाला.

झालं! वेल्डर पुन्हा आला. पायऱ्यांत दोन भोकं पाडली, त्यांना झाकणं केली. पोस्टकार्डवाले स्वतः येऊन गल्लीच्या त्या टोकाला उभे राहिले, कार्ड धरलं आणि "भोकं दिसत नाहीत" असा निर्वाळा देऊन गेले. कठडा तोच होता, शाळेच्या फाटकाच्या जातीचा. तो घरात ठेवायचा कुठे? बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या पाठीमागे. मी त्याला दोन्ही हातांनी कवटाळून, दाराच्या चौकटीला धडका देत, बूटही न काढता रोज संध्याकाळी बाहेर आणायला लागलो.

आता विचार करा. माझ्यासारखा एक पोक्त माणूस, टाय लावलेला, निळ्या दारातून लोखंडी कठडा मिठीत घेऊन बाहेर येतो, पायरीवर बसलेल्यांना उठवतो, गुडघ्यांवर बसून झाकणं उघडतो, कठडा भोकात बसेना म्हणून त्याच्यावर बुक्क्या मारतो. बघणाऱ्याला काय वाटेल? गर्दी जमायला लागली. लोकांना वाटलं, हाही शहराचा एक कार्यक्रम आहे. एकाने मला विचारलं, "हे रोज किती वाजता सुरू होतं?" पिवळ्या छत्रीने तर कहर केला. तिने आपली वेळच बदलली. मी ऑफिसातून यायच्या सुमारास घोळका दारात हजर, आणि ती छत्रीने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी समजावून सांगतेय. काय सांगत होती ते मी विचारलं नाही. घड्याळजीचा पणतू वगैरे काहीतरी केलं असणार माझं.

आणि आई? पहिल्या दिवशी ती दारात आली, एवढी माणसं बघितली आणि मागे फिरली. "इतके सगळे बघतायत. मला नाही बाई उतरायचं." दुसऱ्या दिवशी मी हट्टाने उतरवलं. ती कठड्याला धरून तीन पायऱ्या उतरली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई लाजून लाल झाली. तशीच खाली मान घालून कोपऱ्यापर्यंत गेली आणि लगबगीने परत आली. तिच्याबरोबर मला जाता येत नव्हतं, कारण कठडा सोडून जाणार कसं? पाठ वळली की लोक त्यावर पिशव्या अडकवत, बसून झोके घेत, आणि एकजण तर तो कितीला देता असं विचारत होता. तेव्हा मी कठड्यापाशी पहारा देत उभा, आणि आई एकटी. मी घड्याळाकडे बघितलं की तिला ते तिकडूनही दिसायचं आणि ती परत फिरायची.

"याला चालणं म्हणायचं का हो?" बायको म्हणाली. ती इथल्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत आहे, आणि तिच्या पाळ्या नेमक्या संध्याकाळच्या. "त्या कोपऱ्यावरच्या खांबाला हात लावून येतात नुसत्या."

"उतरतेय ना? उतरत नव्हती, आता उतरतेय," मी म्हणालो. मला त्या कठड्याविरुद्ध अक्षर ऐकून घ्यायचं नव्हतं. त्याच्यासाठी मी काय काय सोसलं होतं ते मलाच ठाऊक.

महिना संपत आला. दादाचा फोन आला, दोन दिवसांत निघतोय. आईने तिची बॅग काढून पलंगाखाली ठेवलेली मी बघितली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेमका एक दावेदार येऊन बसला. हा मनुष्य देखाव्याचा फोटो काढताना एकेक पाऊल मागे सरकत कारंज्यात पडला होता आणि कॅमेऱ्याची भरपाई मागत होता. शहराने कारंजं मध्येच बांधलं, यात त्याची काय चूक, हा त्याचा मुद्दा. एरवी मी अशा माणसाला दोन वाक्यांत वाटेला लावतो. त्या दिवशी माझ्या मनात इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. पर्यटकांनी मागे कुठे जावं, पुढे कुठे यावं, कुणाच्या पायरीवर बसावं, सगळ्यावर मी त्याला ऐकवलं. तोही ऐकून घेणारा नव्हता. घरी पोचायला बराच उशीर झाला.

खिडकीत आई नव्हती.

दार उघडून आत गेलो. कठडा सोफ्याच्या मागे जिथल्या तिथे. स्वयंपाकघरात नाही, बाथरूममध्ये नाही. कठड्याशिवाय ती उतरणं शक्य नव्हतं. म्हणजे कुणीतरी नेली. आणि नेणारा एकच. मी दादाला फोन लावला.

"एक दिवस थांबता आलं नाही तुला? मी घरी नसताना, न सांगता नेतोस?"

"कुणाला नेलं?" दादा म्हणाला. मागे त्याच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"आईला!"

टीव्ही बंद झाला. "आई कुठे आहे?" दादाने विचारलं.

मी फोन ठेवून दिला. बाहेर आलो तर समोरचे काका पाय न वाजवता त्यांच्या दारात आले आणि म्हणाले, "आजी ना? त्या पिवळ्या छत्रीबरोबर गेल्या. वर, कट्ट्याकडे."

कट्टा म्हणजे चढाच्या टोकाची ती जागा जिथून म्हणे सगळं शहर आणि समुद्र दिसतो. म्हणे एवढ्यासाठी की मी तिथे कधी गेलो नव्हतो. मी टाय उडवत तो चढ धावत चढलो, सांगायला लाज वाटते पण वाटेत दोन फोटोंच्या मधून गेलो. वर पोचलो तर बाकावर मधोमध आई. तिच्या दोन्ही बाजूंना पर्यटक, समोर पर्यटक, आणि पिवळी छत्री आईच्या डोक्यावर धरलेली. आई काहीतरी सांगत होती आणि सगळे हसत होते. इतकी माणसं तिचं ऐकताना मी आजवर बघितली नव्हती.

"आई!" मी ओरडलोच. "तू उतरलीस कशी?"

"यांनी धरलं की," आई म्हणाली. "ही एकीकडून, तो पलीकडून. तुझी वाट बघत दारात उभी होते, तर हीच म्हणाली, आजी, यायचं का? मग आले."

"आणि कठडा? तुझ्यासाठी मी जीव टाकून कठडा केला, कार्यालयात चपला झिजवल्या, रोज लोकांची करमणूक करून घेतली..."

"चांगलाच आहे रे कठडा," आई म्हणाली. ती मला दुखवत नव्हती, साधं सांगत होती. "पण तू कठडा सांभाळत उभा राहतोस. मला एकटीला जावं लागतं."

दावे तपासण्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढ्या थोडक्यात कुणी गप्प केलेलं नाही. मला वाईट वाटलं, आणि त्याहून राग आला, कारण ते खरं होतं. पिवळी छत्री सरकली आणि तिने बाकावर माझ्यासाठी जागा केली. मी बसलो. समोर खरंच सगळं शहर होतं आणि त्यापलीकडे समुद्र. बरा दिसत होता.

तेवढ्यात दादाचा फोन. मी तो आईकडे दिला. पलीकडे दादाचा आवाज चढलेला मलाही ऐकू येत होता. आईने तो सगळा ऐकून घेतला.

"अरे, काही झालं नाही मला," ती म्हणाली. "आणि हे बघ, उद्या नको निघूस. या आठवड्यात मला वेळ नाही. ही मला दीपगृह दाखवणार आहे." मग फोन माझ्याकडे देत म्हणाली, "चल, अंधार पडेल."

आम्ही चढ उतरायला लागलो. तिचा हात माझ्या हातात होता. ती सावकाश चालते हे मला माहीत होतं, पण इतकी सावकाश आणि इतकी बोलत चालते हे माहीत नव्हतं. घराशी आलो तर आमच्या पायऱ्यांवर एक मुलगा आणि मुलगी बसलेली. माझ्या तोंडात शब्द तयारच होते.

"बसा, बसा," आई माझ्या आधी म्हणाली. "आम्ही कडेने जातो." आणि मला म्हणाली, "नीट धर."

मी नीट धरलं. ती मुलं तरीही उठून बाजूला झाली, मुलाने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि आम्ही दोघं तीन पायऱ्या चढून निळ्या दारापाशी पोचलो. मी किल्ली काढत होतो.

"काका, सॉरी," तो मुलगा खालून म्हणाला. "फोटो हलला. पुन्हा एकदा वर याल का?"

मी त्याला काय सांगणार होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण माझा हात ओढला गेला. जिला एकदा खाली उतरवण्यासाठी मी महिनाभर या शहराशी भांडलो, ती माझी आई पदर सारखा करत वळली होती आणि पायरी उतरायला लागली होती.

आम्ही तो फोटो होईपर्यंत तीनदा चढलो-उतरलो. तिसऱ्या वेळी मुलगा पुरे म्हणत होता. आईच म्हणाली, आणखी एक काढ, मघाशी हा हसला नव्हता.